नाक कुठं आणि वारा कुठून : मोठ्या विमानांचा पिच आणि अँगल ऑफ अटॅक वेगवेगळे कसे ओळखायचे

बेळगावहून बागलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर सांबरा विमानतळाच्या आसपास थांबून उतरणारी विमानं बाजूनं पाहिली, तर एक गोष्ट खटकते. एअरबस ३२० खाली येत असतं, पण त्याचं नाक वर असतं. थोड्या वेळानं त्याच धावपट्टीवर एम्ब्रेअर १४५ येतं, त्याचं नाक जवळजवळ सपाट. प्रोपेलरच्या एटीआरचं नाक तर कधी किंचित खालीसुद्धा दिसतं. तिघांची वाट मात्र एकच असते, साधारण तीन अंशांचा उतार. म्हणजे नाकाकडं बघून विमान कुठं चाललंय ते कळत नाही. आणि पंख वाऱ्याला किती कोनात भिडतोय, हे तर नाकावरून मुळीच कळत नाही.

नाकाच्या कोनाला पिच ॲटिट्यूड म्हणतात आणि वाऱ्याशी होणाऱ्या कोनाला अँगल ऑफ अटॅक. व्यावसायिक वैमानिकाच्या टेक्निकल जनरलच्या पेपरात हे दोन कोन एकमेकांत मिसळून बरेच गुण जातात. सिम्युलेटरवर यापेक्षा वाईट होतं : स्टॉलमध्ये (पंखाची उचल जाते त्या अवस्थेत) गेलेलं विमान नाक वर दिसतंय म्हणून चढतंय असं वाटतं आणि नियंत्रणाची काडी मागंच ओढली जाते. खाली दोन्ही कोन वेगळे करायची रीत दिली आहे. आधी कागदावर, मग पुठ्ठ्यावर, मग प्रवासात.

तीन कोन, एक बेरीज

दोन कोनांचा घोळ सुटत नाही, कारण तिसरा कोन कुणी मांडत नाही. तिन्ही लिहून घ्या.

पिच म्हणजे फ्युजलाजची, म्हणजे विमानाच्या धडाची, लांबीची रेषा आणि क्षितिज यांच्यातला कोन. नाक क्षितिजाच्या वर असेल तर अधिक, खाली असेल तर उणे.

गॅमा म्हणजे विमान हवेतून ज्या वाटेनं सरकतंय ती वाट आणि क्षितिज यांच्यातला कोन. चढताना अधिक, उतरताना उणे.

अल्फा म्हणजे फ्युजलाजची तीच रेषा आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन. हाच अँगल ऑफ अटॅक.

पंख समतल असतील तर पिच = गॅमा + अल्फा. म्हणून अल्फा = पिच − गॅमा. सगळा विषय या एका ओळीत बसतो, आणि सगळ्या चुकाही इथंच होतात. उतरत्या विमानाचा गॅमा उणे असतो, म्हणून वजाबाकीची बेरीज होते. पिच अडीच अंश, वाट उणे तीन अंश, तर अल्फा २.५ − (−३) = ५.५ अंश. घाईत अर्धा अंश असं उत्तर लिहिणारे खूप असतात. अर्ध्या अंशाच्या अल्फावर उतरायच्या वेगात विमान हवेत तरंगणारच नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी चूक लगेच सापडते.

आपली समजूत मोटारीवर घडलेली असते. चोर्ला घाट चढताना गाडीचं नाक जिकडं, तिकडं गाडी. चाकं रस्त्याला चिकटलेली असल्यामुळं नाक आणि वाट एकच असतात. विमानाला रस्ता नसतो. त्याला नांगराच्या फाळाची उपमा जास्त चांगली बसते. शेत सपाट असो की उताराचं, फाळ किती खोल घुसणार हे फाळ आणि जमीन यांच्यातल्या कोनावर ठरतं. क्षितिज कुठं आहे याची फाळाला काही पडलेली नसते. पंखाची जमीन म्हणजे समोरून येणारी हवा. ही जमीन कधी चढती, कधी उतरती असते, आणि वळवाच्या ढगाजवळ तर क्षणाक्षणाला बदलते.

एक बारकावा इथंच सांगायला हवा. वर अल्फा फ्युजलाजच्या रेषेपासून मोजला आहे. पंख मात्र फ्युजलाजला काही अंश वर तोंड करून जोडलेला असतो, आणि मुळापासून टोकापर्यंत त्याला पीळही दिलेला असतो. म्हणून फ्युजलाजचा अल्फा अडीच अंश असताना पंखाच्या मुळाशी कोन त्याहून बराच जास्त असतो. मोठ्या विमानांच्या कागदपत्रांत बहुतेक वेळा फ्युजलाजचा अल्फा असतो, तर पाठ्यपुस्तकातल्या पंखाच्या आलेखात पंखाच्या कॉर्डचा, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रेषेचा. दोन पुस्तकांतले आकडे जुळले नाहीत तर आधी हे तपासा.

पुठ्ठ्याचं विमान

साधारण ३० सेंटिमीटर लांबीच्या जाड पुठ्ठ्यावर विमानाची बाजूची आकृती कापा आणि नाकापासून शेपटीपर्यंत सरळ रेषा काढा. रेषेच्या मधोमध टाचणीचं भोक पाडा. कंपासपेटीतला कोनमापक घेऊन त्याचा मध्यबिंदू भोकावर आणि सरळ कड फ्युजलाजच्या रेषेवर ठेवा, अर्धगोल खाली, शून्य नाकाच्या बाजूला. टाचणीला दोरा बांधून खाली नट अडकवा, तो ओळंबा झाला. त्याच टाचणीत खराट्याची एक काडी फिरेल अशी बसवा. तिचं पुढचं टोक विमान जिकडं सरकतंय ती दिशा दाखवेल.

आता वाचायचं असं. ओळंबा कोनमापकावर जो आकडा दाखवतो त्यातून ९० वजा केले की पिच. काडी नाकाकडच्या शून्यापासून जो आकडा दाखवते तो थेट अल्फा. आणि ओळंब्याच्या आकड्यातून काडीचा आकडा वजा करून पुन्हा ९० वजा केले की गॅमा.

उड्डाणाची स्थिती लावून बघा. नाक १५ अंश वर करा, ओळंबा १०५ वर येईल. काडी ७ वर ठेवा. १०५ − ७ − ९० = ८. विमान आठ अंशांनी चढतंय, नाक मात्र पंधरावर. मग उतरण्याची स्थिती : ओळंबा साडेब्याण्णववर, काडी साडेपाचवर, गॅमा उणे तीन. आता काडी तिथंच धरून नाक हळूहळू खाली करा. पिच आणि वाट दोन्ही बदलतील, अल्फा जागचा हलणार नाही. हे हातानं एकदा केलं की जे कळतं, ते दहा वेळा वाचून कळत नाही.

बिघडतं ते तीन कारणांनी. दोरा पुठ्ठ्याला घासतो, तेव्हा मॉडेल किंचित पुढं झुकवून धरा. कोनमापकाचा मध्य भोकापासून एक-दोन मिलिमीटर सरकलेला असतो, मग प्रत्येक वाचनात अंशभर चूक येते. आणि शून्य शेपटीकडं लावलं तर सगळंच उलटं होतं. हत्तरगीला विमानाचे भाग तासणाऱ्या पोरांना अंशाचाही भाग मोजायची सवय असते. त्यांच्याकडचा बेव्हल कोनमापक मिळाला तर अर्धा अंशही स्वच्छ दिसतो.

उड्डाणापासून उतरण्यापर्यंत

धावपट्टीवर चाकं टेकलेली असतात तोवर वाट धावपट्टीला समांतर, म्हणजे गॅमा जवळजवळ शून्य. म्हणून जमिनीवर पिच आणि अल्फा एकच असतात. संपूर्ण उड्डाणात हे दोन कोन इतक्या पक्केपणानं जुळण्याची दुसरी वेळ समतल क्रूझची, म्हणजे ठरलेल्या उंचीवरच्या सरळ उड्डाणाची. वैमानिक सेकंदाला अडीच ते तीन अंशांनी नाक उचलतो. बोइंग ७३७-८०० सारखं विमान आठ अंशांच्या आसपास जमीन सोडतं, आणि अकरा अंशांवर तर त्याची शेपटी धावपट्टीला घासते. लांब एअरबस ३२१ मध्ये चाकांचा गिअर दबलेला असेल तर ही मर्यादा दहाच्याही आत. म्हणून नाक उचलण्याचा वेग महत्त्वाचा असतो. घाईनं ओढलं तर चाकं सुटायच्या आधीच शेपटी टेकते.

चाकं सुटल्यावर जे होतं ते बहुतेकांना उलटं वाटतं. नाक आठावरून पंधरावर जातं, पण अल्फा वाढत नाही, उलट किंचित उतरतो, कारण वाटही वर वळत असते. १६० नॉट (ताशी सागरी मैल) खऱ्या वेगानं, मिनिटाला २,५०० फूट चढणाऱ्या विमानाची वाट पावणेनऊ अंशांची असते. १५ मधून ती वजा करा, अल्फा सहा-सव्वासहा उरतो. जमीन सोडताना होता त्याहून कमी.

३५,००० फुटांवर समतल क्रूझमध्ये पिच साधारण अडीच अंश, गॅमा शून्य, म्हणून अल्फाही अडीच. जेवणाची गाडी पुढं ढकलताना केबिन क्रूला हलका चढ लागतो तो याच अडीच अंशांचा. वेग कमी केला तर तेवढंच वजन पेलायला अल्फा वाढवावा लागतो. वेग निम्मा झाला की लिफ्टचा, म्हणजे उचलीचा, गुणांक चौपट लागतो. मध्ये फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग, येतात ते याचसाठी. फ्लॅप उतरवले की त्याच अल्फावर पंख जास्त उचल देतो, म्हणून नाक खाली आणता येतं आणि वैमानिकाला धावपट्टी दिसते. पुढच्या कडेचे स्लॅट वेगळं काम करतात : हवा पंखापासून सुटायची ती वरच्या कोनापर्यंत लांबवतात. म्हणजे स्लॅट असलेलं विमान जास्त अल्फावर सुरक्षित उडू शकतं.

सांबऱ्याचं कोडं इथं सुटतं. एम्ब्रेअर १४५ ला स्लॅटच नाहीत, म्हणून ते कमी अल्फावर, सपाट नाकानं उतरतं. एटीआरचा पंख सरळ, निमुळता, फ्लॅप मोठे, प्रोपेलरची हवाही पंखावरून जाते. ३२० ला मागं झुकलेला पंख आणि पूर्ण स्लॅट. तीन अंशांच्या त्याच उतारावर तिघांचे अल्फा वेगळे, म्हणून नाकं वेगळी. या रांगेच्या दुसऱ्या टोकाला काँकॉर्ड होतं. त्रिकोणी पंख, फ्लॅप नाहीत, उतरताना अल्फा सुमारे चौदा अंश. धावपट्टी दिसावी म्हणून नाकच साडेबारा अंश खाली वाकवायची सोय करावी लागली होती.

रस्त्यावरून निरीक्षण करायचं तर वाटेच्या काटकोनात उभे राहा. समोरून येणारं विमान बघितलं तर नाक आहे त्याहून वर वाटतं. अंतराचा अंदाज असा : टेकण्याच्या जागेपासून एक किलोमीटरवर विमान ५० मीटरच्या थोडं वर हवं, दोन किलोमीटरवर १०५ मीटरच्या आसपास. सांबरा हवाई दलाचं ठाणं आहे, तेव्हा कुंपणाजवळ जाऊ नये आणि कॅमेरा काढू नये. साधी दुर्बीण आणि वही पुरते.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचावर आहे. मे महिन्यात ३५ अंश तापमानाला इथली हवा इतकी विरळ होते, की दर्शक वेग, म्हणजे यंत्रावर दिसणारा वेग, १४० नॉट असताना खरा वेग १५१ च्या आसपास जातो. अल्फा बदलत नाही, कारण दर्शक वेग आणि अल्फा दोन्ही वेगामुळं पडणाऱ्या हवेच्या दाबाशीच बांधलेले असतात. तीन अंशांची वाट तीच, पिच तोच. बदलतो तो खाली येण्याचा दर. वारा नसेल तर किनाऱ्यावर थंड हवेत मिनिटाला साधारण साडेसातशे फूट पुरतात, इथं आठशे लागतात. नवा वैमानिक साडेसातशेच धरून बसला तर हळूहळू वाटेच्या वर राहतो आणि शेवटी नाक खाली दाबतो.

प्रवासात मोजून बघा

बेळगावहून बेंगळुरू किंवा मुंबईला जाताना हा प्रयोग करता येतो. फोन फ्लाइट मोडवर टाका, पातळी मोजणारं ॲप उघडा आणि फोनची लांब कड खिडकीखालच्या लांब पट्टीला समांतर धरा. समोरचा ट्रे वापरू नका, तो क्वचितच फ्युजलाजला समांतर असतो. विमान फाटकाशी उभं असताना एकदा वाचन घ्या आणि ते शून्य माना. मग समतल क्रूझमध्ये पुन्हा घ्या. फरक म्हणजे पिच, आणि समतल उड्डाणात तोच अल्फा.

चढताना गॅमाही लागेल. खिडकीशी धरलेल्या फोनला जीपीएस बहुधा मिळतं. एका मिनिटाच्या अंतरानं उंची दोनदा लिहा. उदाहरणार्थ मिनिटात ५४० मीटर चढलं, म्हणजे सेकंदाला ९ मीटर. वेग ताशी ५२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १४४ मीटर. ९ भागिले १४४ गुणिले ५७, उत्तर साडेतीन अंशांच्या थोडं वर. पिच सात अंश दिसत असेल तर अल्फा साडेतीनच्या जवळ. नॉट आणि फुटांत काम करणाऱ्यांसाठी सोपी रीत : वेगाला ६० नं भागून मिनिटाला किती सागरी मैल ते काढा, चढण्याच्या दराला त्यानं भागा, आलेल्या आकड्याला शंभरानं भागा. अंश मिळतात, थोडेसे जास्तच.

धावपट्टीवर धावताना मात्र हे वाचन घेऊ नका. फोनला कल आणि प्रवेग यांतला फरक कळत नाही. विमान गुरुत्वाच्या पाचव्या भागानं वेग घेत असेल, तर सपाट असूनही फोन अकरा अंश वर चढल्याचं दाखवेल. आपल्या कानातलं तोल सांभाळणारं इंद्रियही अगदी असंच फसतं. काळोख्या रात्री, समोर दिवे नसताना, वेग वाढवणाऱ्या वैमानिकाला नाक फार वर गेल्यासारखं वाटतं, तो काडी पुढं ढकलतो आणि विमान जमिनीत जातं. अशा अपघातांची यादी लांब आहे. विमानातलं पिच दाखवणारं यंत्र जायरोवर चालतं, ते फसत नाही. म्हणून अशा वेळी अंगाच्या जाणिवेवर न जाता यंत्राकडं बघायला शिकवतात.

वाऱ्याचाही हिशेब आहे. जीपीएसचा वेग जमिनीवरचा असतो, तर अल्फा हवेतल्या वाटेवरून निघतो. १४० नॉट खऱ्या वेगानं उतरणाऱ्या विमानाला समोरून २० नॉट वारा असेल, तर जमिनीच्या हिशेबात तीन अंशांची वाट हवेच्या हिशेबात फक्त २.६ अंशांची असते. चारदशांश अंशाचा फरक. प्रयोगापुरता चालेल, उत्तरपत्रिकेत चालणार नाही.

पिच तोच, अल्फा बदलला

स्टॉल होतो तो अल्फा एका मर्यादेपलीकडं गेल्यामुळं. नाक किती वर आहे यानं नव्हे, आणि नुसत्या कमी वेगानंही नव्हे. डाइव्हमधून जोरात ओढून बाहेर येताना नाक दहा अंश खाली आणि वाट पंचवीस अंश खाली असू शकते. अल्फा पंधरा. नाक क्षितिजाखाली असूनही विमान स्टॉलच्या काठावर किंवा त्यापलीकडं.

वळवाच्या ढगाखालची हवा नाकाला हात न लावता अल्फा बदलते. १४० नॉटवर उतरताना १० नॉटचा वर जाणारा झोत लागला, तर पिच तसाच असताना अल्फा चार अंशांनी वाढतो. तोच झोत खाली जाणारा असेल तर चार अंशांनी घटतो, उचल जाते आणि विमान धपकन खाली बसतं. क्रूझमध्ये ४५० नॉटवर तोच झोत सव्वा अंशच हलवतो. पण वर मर्यादाही जवळ आलेली असते : मॅक आकडा (आवाजाच्या वेगाच्या तुलनेत विमानाचा वेग) वाढला की स्टॉलचा अल्फा खाली सरकतो. कमी उंचीवर दहा-बारा अंश बिनधास्त पेलणारा पंख ३५,००० फुटांवर त्याच्या निम्म्यालाच कुरकुरायला लागतो.

याचं सगळ्यात दुःखद उदाहरण १ जून २००९ चं. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ हे एअरबस ३३० अटलांटिकमध्ये कोसळलं, २२८ जण गेले. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ साचून वेग चुकीचा दिसू लागला, ऑटोपायलट सुटला, विमान वर ओढलं गेलं आणि ३८,००० फुटांजवळ स्टॉल झालं. शेवटच्या नोंदीत नाक १६ अंश वर होतं. उड्डाण करतानाचंच नाक. पण खाली पडण्याचा दर मिनिटाला १०,९०० फूट आणि जमिनीवरचा वेग १०७ नॉट, म्हणजे मिनिटाला जवळपास १०,८०० फूट. पुढं जेवढं, खाली तेवढंच. वाट उणे ४५ अंश. पुठ्ठ्याच्या मॉडेलवर लावा : ओळंबा १०६, काडी ६१. अल्फा साठाच्या पलीकडं, नाक पाहिलं तर साधं चढणारं विमान.

त्यात आणखी एक सापळा होता. मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला की अल्फाचं वाचन अवैध धरलं जाई आणि स्टॉलचा इशारा बंद पडे. नाक खाली केलं की वेग वाढून इशारा परत वाजे. म्हणजे योग्य कृती केली की धोक्याची घंटा, चुकीची केली की शांतता. वैमानिकांसमोर अल्फा दाखवणारं यंत्र नव्हतं.

उलट बाजूचं, अल्फा तोच आणि पिच बदलता, असं उदाहरण सिम्युलेटरवर सहज करता येतं. ७३७ घ्या, एअरबस घेऊ नका, कारण तिची संगणकीय नियंत्रणं ही हालचाल आपोआप मारून टाकतात. २५० नॉटवर समतल ट्रिम करा, म्हणजे काडी सोडली तरी विमान तसंच राहील असं लावा, ऑटोपायलट आणि ऑटोथ्रॉटल बंद करा, नाक चार-पाच अंश वर ओढून काडी सोडून द्या. विमान चढेल, वेग हरवेल, नाक खाली जाईल, वेग येईल, नाक पुन्हा वर. एका फेऱ्याला साधारण एक मिनिट. याला फ्यूगॉइड म्हणतात. पिच कितीतरी अंश वर-खाली होतो, अल्फा मात्र जवळजवळ स्थिर राहतो. सिम्युलेटरमध्ये दोन्ही कोनांचे आकडे पडद्यावर लावून हे बघाच.

वळणातही साधी बेरीज चालत नाही. पंख कलले की अल्फाचा काही भागच उभ्या दिशेत मोजला जातो : पिच साधारण गॅमा अधिक अल्फा गुणिले कलाचा कोसाइन. ६० अंश कललेल्या समतल वळणात अल्फा दहा असेल तर पिच फक्त पाच दिसतो, आणि भार दुप्पट असतो. स्टॉलचा वेगही ४१ टक्क्यांनी वाढलेला असतो.

अल्फा मोजणारी पाती

नाकाच्या दोन्ही बाजूंना, कॉकपिटच्या खाली, लहान पात्यासारखे सेन्सर असतात. वाऱ्याबरोबर फिरतात, बर्फ धरू नये म्हणून आतून तापवलेले असतात. ७३७ ला दोन, एअरबस ३२० ला तीन. नाकाच्या फुगवट्यावरून हवा वळून येते, म्हणून पात्याचा कोन खऱ्या अल्फाहून मोठा असतो, आणि संगणक तो दुरुस्त करून घेतो.

पाती अडकली तर काय होतं, हे २७ नोव्हेंबर २००८ ला फ्रान्समधल्या पर्पिन्याँजवळ दिसलं. एअरबस ३२० धुताना पाती झाकली नव्हती, पाणी आत गेलं, वर गोठलं. तीनपैकी दोन एकाच कोनात अडकली. संगणकानं बहुमत मानलं आणि बरोबर असलेल्या तिसऱ्याला बाद केलं. कमी वेगाची चाचणी चालू असताना संरक्षण मिळालं नाही, विमान समुद्रात गेलं, सातही जण गेले.

७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत, २९ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरचा आणि १० मार्च २०१९ ला इथिओपियन एअरलाइन्सचा, मिळून ३४६ जण गेले. पहिल्यात डावं पातं सुमारे २१ अंश जास्त दाखवत होतं, दुसऱ्यात त्याचं वाचन ७४.५ अंशांवर गेलं. एकाच पात्यावर विश्वास ठेवणारी प्रणाली नाक खाली ढकलत राहिली. आपल्या बेरजेत हे आकडे घालून बघा. नाक दहा अंश वर, विमान पाच अंशांनी चढतंय, तर अल्फा पाचच असणार. पातं सव्वीस म्हणतंय म्हणजे पातं खोटं. पिच जायरोकडून येतो, गॅमा जडत्वाच्या प्रणालीकडून. पात्याशी त्यांचा संबंध नाही, म्हणून ही पडताळणी स्वतंत्र ठरते. काडी थरथरत असताना, कानात इशारे वाजत असताना माणसाला हे गणित सुचणं फार कठीण आहे. ते यंत्रानंच करायला हवं होतं.

कॉकपिटमध्ये कुठं बघायचं

बहुतेक प्रवासी विमानांत अल्फाचा वेगळा काटा नसतो. तो इतर रूपांत दिसतो. एअरबसमध्ये वेगाच्या पट्टीवर खालून येणारे पिवळे आणि लाल पट्टे अल्फावरून काढलेले असतात. बोइंगमध्ये पिचच्या पडद्यावर भुवयांसारख्या पिवळ्या खुणा येतात. नाकाची खूण त्यांना टेकली की काडी थरथरणार. म्हणजे अल्फाची उरलेली जागा पिचच्या भाषेत सांगितलेली. आणि उडण्याच्या वाटेची खूण, जिला वैमानिक बर्ड म्हणतात, ती चालू केली तर नाकाची खूण आणि बर्ड यांच्यातलं उभं अंतर म्हणजे साधारण अल्फाच. वारा आणि झोत यांची चूक त्यात असते, कारण बर्ड जमिनीच्या हिशेबात चालतो.

वेगाचं यंत्र बिघडलं तर पिचच कामाला येतो. एअरबस ३२० च्या पाठ करायच्या सूचनांत उड्डाणानंतर लगेच १५ अंश आणि पूर्ण शक्ती, त्यानंतर १०,००० फुटांखाली १० अंश आणि चढण्याची शक्ती, त्यावर ५ अंश आणि तीच शक्ती, असे आकडे आहेत. ठरलेला पिच आणि ठरलेली शक्ती दिली की वाट ठरते, वाट ठरली की अल्फा ठरतो, वेग दिसला नाही तरी. प्रत्यक्ष उडवताना मात्र आपल्या कंपनीच्या चालू पुस्तिकेतलेच आकडे धरायचे.

स्टॉलमधून बाहेर यायचा क्रम हाच हिशेब पाळतो. ऑटोपायलट आणि ऑटोथ्रस्ट सोडा. काडी पुढं करून अल्फा कमी करा, इशारा थांबेपर्यंत, नाक क्षितिजाखाली गेलं तरी. मग पंख समतल करा. मग शक्ती, पण सावकाश, कारण पंखाखालची इंजिनं एकदम जोर लावली की नाक वर ढकलतात. स्पीडब्रेक बाहेर असेल तर आत घ्या. वेग आला की हळुवार वर ओढा. इथं घाई केली तर वाट अजून खालीच असते आणि नाक आधी वर येतं, दोन्हींतलं अंतर पुन्हा मर्यादेपलीकडं जातं, आणि दुसरा स्टॉल पहिल्यापेक्षा कमी उंचीवर होतो.